छापलेला हात वस्तू धरतो कसा? पकड सुधारण्याचं साधं विज्ञान



थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लॅस्टिकच्या हाताचे व्हिडिओ हल्ली आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. निळी-लाल बोटं, सुपरहीरोसारखा दिसणारा हात आणि तो घालून हसणारं मूल. व्हिडिओ पाहून आनंद होतो. ज्यांच्या घरी किंवा वर्गात बोटं नसलेलं मूल आहे त्यांच्या मनात लगेच येतं, आपल्या पोराला असा हात मिळेल का?

मिळू शकतो. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. त्या हातात पाण्याने भरलेला पेला राहील का? हात घातल्यावर फोटो छान येतो, पण पेला निसटला, पेन्सिल फिरली, डब्याचं झाकण धरता आलं नाही, की आठवड्याभरात तो हात माळ्यावर जातो. हे फक्त छापलेल्या हातांचं दुखणं नाही. कृत्रिम हातांवरच्या पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा एक आढावा २००७ साली बिडिस आणि चाऊ या अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. त्यात दोरी-पट्ट्याने चालणारा हात वापरणं सोडून देणाऱ्या मुलांचं सरासरी प्रमाण ४५ टक्के आणि विजेवर चालणारा हात सोडून देणाऱ्यांचं ३५ टक्के आढळलं. मोठ्या माणसांत हेच आकडे २६ आणि २३ टक्के होते. म्हणजे मुलं हात जास्त प्रमाणात सोडून देतात. त्यामागे वजन, घाम, टोचणं अशी बरीच कारणं असतात. त्यातलं आपल्याला समजून घेता येईल आणि थोडंफार सुधारताही येईल असं एक कारण म्हणजे पकड. आजचा पाठ त्याबद्दल आहे.

छापलेल्या हाताची थोडी पूर्वपीठिका

२०११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे सुतार रिचर्ड व्हॅन आस यांची बोटं कामावर असताना यंत्रात गेली. महागडा कृत्रिम हात परवडत नव्हता. इंटरनेटवर शोधताना त्यांना अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांचा व्हिडिओ सापडला. ओवेन यांनी हौसेखातर, वेशभूषेसाठी दोऱ्यांनी हलणारा एक मोठा यांत्रिक हात बनवला होता. दोघांनी मिळून काम सुरू केलं. पुढे जोहान्सबर्गच्याच एका पाच वर्षांच्या, बोटं नसलेल्या मुलासाठी त्यांनी हात बनवला. मग थ्रीडी प्रिंटर मिळाला आणि २०१३ च्या जानेवारीत त्या हाताचा आराखडा सर्वांसाठी मोफत खुला केला गेला. त्याच वर्षी जॉन शल यांच्या पुढाकाराने 'ई-नेबल' ही स्वयंसेवकांची जगभर पसरलेली साखळी उभी राहिली. एकाने आराखडा सुधारायचा, दुसऱ्याने छापायचा, तिसऱ्याने जोडायचा आणि गरजू मुलाला मोफत द्यायचा, असं त्यांचं काम चालतं.

या दोघांनी अभ्यासलेला एक जुना हात आपल्यासारख्या समुद्रकाठच्या लोकांना नक्की आवडेल. १८४५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड इथे रॉबर्ट नॉर्मन नावाच्या दंतवैद्याने एका सैनिकासाठी देवमाशाच्या हाडापासून हात बनवला होता. त्याची बोटं दोऱ्या आणि कप्प्यांवर मिटायची. आजचा छापील हात त्याच युक्तीवर चालतो. हाड जाऊन प्लॅस्टिक आलं, एवढंच.

मूठ, चिमूट आणि ओंजळ

आपल्या भाषेत हाताच्या पकडीला किती शब्द आहेत बघा. चिमूटभर मीठ, मूठभर तांदूळ, पसाभर दाणे, ओंजळभर फुलं. ही नुसती मापं नाहीत, हाताच्या वेगवेगळ्या रचना आहेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ साली पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एक ताकदीची पकड, जिच्यात वस्तू बोटं आणि तळव्याच्या मध्ये दाबली जाते. दुसरी नेमकेपणाची पकड, जिच्यात वस्तू अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये धरली जाते. आपण पहिलीला मूठ म्हणतो, दुसरीला चिमूट.

हर्णे बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला उभं राहिलात तर दोन्ही पकडी शेजारी शेजारी दिसतात. दोर ओढणारा मुठीने ओढतो. कोळंबी निवडणारी बाई चिमटीने निवडते. टोपलीची कडी उचलणारा बोटं फक्त आकड्यासारखी वाकवतो, अंगठ्याला तिथे काम नसतं. ही तिसरी, आकड्याची पकड. प्राथमिकच्या शिक्षकांना आणखी एक पकड रोज भेटते, ती म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी धरलेली पेन्सिल.

मग छापलेल्या हाताकडे पाहताना "पकड चांगली आहे का?" असं विचारून भागत नाही. "कोणती पकड?" हे आधी ठरवावं लागतं. एकच साधा हात दोरही घट्ट धरेल आणि सुईही उचलेल, असं होत नाही.

हा हात मिटतो कसा?

आपल्या बोटांत बोट वाकवणारा स्नायू नसतो. ते स्नायू मुख्यतः कोपरापुढच्या हातात आणि तळव्यात असतात. तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत जातात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग धरा आणि उजवी बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. आत हालचाल जाणवेल. कोंबडीच्या कापलेल्या पायातली पांढरी शीर ओढली की नखं मिटतात, हे आपल्या मुलांना माहीत असतंच. तत्त्व तेच.

छापलेल्या साध्या हातात मोटार नसते, बॅटरी नसते. तळवा आणि बोटं प्लॅस्टिकची. हातावर पट्ट्याने बसवलेलं एक कवच. त्या कवचाला बांधलेल्या दोऱ्या मनगटाच्या वरच्या बाजूने तळव्यात शिरतात आणि बोटांच्या आतल्या बाजूने टोकापर्यंत जातात. मुलाने मनगट खाली वाकवलं की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की रबर किंवा इलॅस्टिक बोटांना परत उघडतं. यासाठी मुलाचं मनगट चांगलं हलायला हवं आणि तळव्याचा थोडा तरी भाग असायला हवा. मनगटच नसेल तर कोपराच्या वाकण्यावर चालणारे आराखडे वेगळे असतात.

इथे एक गंमत आहे. खऱ्या हातात याच्या उलट होतं. हात सैल सोडून मनगट वर उचला, बोटं आपोआप मिटू लागतात. मनगट खाली टाका, ती उघडतात. म्हणजे एक हात शाबूत असलेल्या मुलाला छापील हात वापरताना उलटी सवय लावावी लागते. "पहिल्याच दिवशी जमलं नाही" म्हणून निराश होऊ नका, असं पालकांना सांगायचं ते यासाठी.

आता पकड कुठे कमी पडते आणि ती कशी सुधारते, ते एकेक करून पाहू.

१. बोटांच्या टोकांना रबर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय हा. छापलेलं प्लॅस्टिक गुळगुळीत आणि कडक असतं. ओल्या हाताने स्टीलचा पेला धरल्यासारखं होतं.

थोडं गणित करू. अर्ध्या लिटरची बाटली, वजन साधारण ५०० ग्रॅम. ती दोन बाजूंनी दाबून हवेत धरली आहे. बाटली खाली न पडण्याचं काम दोन बाजूंचं घर्षण करतं. समजा घर्षणांक ०.२५ आहे. म्हणजे जितका दाब, त्याच्या पाव हिस्सा घर्षण. दोन्ही बाजू मिळून ५०० ग्रॅम पेलायचे तर प्रत्येक बाजूला २५० ग्रॅम पेलायला हवेत, आणि त्यासाठी १००० ग्रॅम वजनाइतका दाब लागेल. आता टोकांना रबर लावलं आणि घर्षणांक ०.७५ झाला असं धरा. तीच बाटली साधारण ३३३ ग्रॅमच्या दाबात राहील. हाताची ताकद वाढवली नाही, तरी काम तिपटीने सोपं झालं. निसटणारा मासा धरताना हाताला राख किंवा मीठ लावतात, त्यामागचा हिशोब हाच आहे.

रबर आणायचं कुठून? बँकेत नोटा मोजताना बोटात घालतात ती रबरी टोपी ई-नेबलचे स्वयंसेवक सर्रास वापरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो. तळव्यालाही रबराचा किंवा फोमचा पातळ थर द्यावा, कारण मुठीच्या पकडीत वस्तू तळव्यावर टेकते.

रबराचा दुसरा फायदा मऊपणाचा. दोन पेन्सिलींच्या टोकांमध्ये पट्टीचं एक टोक धरून पाहा. पट्टी गिरकी घेते, कारण स्पर्श एकेकाच ठिपक्यावर आहे. तीच पट्टी बोटांच्या टोकांनी धरा. बोटाचं मांस थोडं दबतं, पसरतं आणि पट्टी फिरत नाही. म्हणून छापील बोटाचं टोक गोल गोळीसारखं नको. थोडं चपटं, मऊ, वस्तूवर टेकणारं हवं.

२. अंगठ्याची जागा

एकलव्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. गुरुदक्षिणेत अंगठाच का मागितला गेला, हे मुलांना विचारून पाहा. हाताच्या एकूण कामातला सुमारे ४० टक्के वाटा अंगठ्याचा मानतात, कारण तो बाकीच्या बोटांसमोर येऊ शकतो. समोर कोणी नसेल तर चार बोटं दाबणार कशाला?

बऱ्याच छापील हातांत अंगठा एकाच दिशेने मिटतो. त्याचं टोक तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना भेटलं तर चिमूट जमते. तो जरा बाजूला गेला की बोटं एकमेकांना चुकवतात आणि पेन्सिल निसटते. हात जोडताना हे तपासायचंच. पूर्ण मिटलेल्या हातात कागदाचा कपटा धरून ओढून पाहा. सहज निघाला तर अंगठ्याचा कोन किंवा त्याच्या दोरीचा ताण बदलायला हवा. पेला धरायचा असेल तर अंगठा जास्त उघडलेला हवा, पेन्सिलीसाठी जवळ. म्हणून अंगठ्याचा कोन दुसऱ्या हाताने बदलता येईल असा सांधा असला तर उत्तम.

३. दोरी सांध्यापासून किती लांब?

दार ढकलताना आपण बिजागरीजवळ ढकलत नाही, कडेला ढकलतो. बोटाच्या दोरीची अडचण अशी की तिला बिजागरीजवळच ओढावं लागतं. समजा दोरी बोटाच्या सांध्यापासून ८ मिलिमीटर अंतरावरून जाते आणि बोटाचं टोक सांध्यापासून ६४ मिलिमीटर दूर आहे. मग दोरीला जेवढा ताण द्याल त्याच्या फक्त आठवा हिस्सा टोकाशी पोचतो.

मग दोरी १२ मिलिमीटरवरून नेली तर? टोकाशी दीडपट जोर मिळेल. पण बोट ९० अंशात वाकवायला ८ मिलिमीटरच्या रचनेत सुमारे १२.६ मिलिमीटर दोरी ओढावी लागते, १२ च्या रचनेत सुमारे १८.८. आता मनगटाकडे बघा. दोरी मनगटाच्या सांध्यापासून २५ मिलिमीटरवरून जात असेल आणि मुलाने मनगट ३० अंश वाकवलं, तर दोरी सुमारे १३ मिलिमीटरच ओढली जाते. म्हणजे दुसऱ्या रचनेत जोर आला, पण बोट पूर्ण मिटेना. खऱ्या हातात एका बोटाला दोन-तीन सांधे असल्याने हिशोब थोडा वाढतो, पण घासाघीस हीच. जोर वाढवला की हालचाल घटते, हालचाल वाढवली की जोर घटतो. फुकट काही मिळत नाही.

म्हणून हात बनवणाऱ्याला मुलाचं मनगट किती अंश वाकतं ते आधी मोजावं लागतं. शाळेतला कोनमापकही अंदाजाला पुरतो.

४. सगळ्या बोटांना सारखी ओढ

चारही दोऱ्या एकाच पट्टीला घट्ट बांधल्या, तर आंबा धरताना काय होतं? मधलं बोट आंब्याला आधी टेकतं आणि अडतं. ते अडलं की पट्टी अडते. बाकीची बोटं हवेतच थांबतात. आंबा एकाच बोटावर.

उपाय तराजूचा. दोन दोऱ्या एका छोट्या दांडीच्या दोन टोकांना बांधायच्या आणि दांडीला मधोमध ओढायचं. एक बोट अडलं तर दांडी तिरपी होते आणि दुसरं बोट पुढे जात राहतं. अशा दोन दांड्या तिसऱ्या दांडीला जोडल्या की चारही बोटं आपापल्या जागी टेकेपर्यंत मिटत जातात, आणि मग ताण सगळ्यांत वाटला जातो. वस्तू आंबा असो, पेला असो की वेडावाकडा दगड, हात तिचा आकार घेतो. यात मोटार नाही, सेन्सर नाही. तरी पकडीत पडणारा फरक मोठा.

बोटांचे सांधेही असेच मदत करतात. ब्रिटनच्या स्टीव्ह वूड यांनी केलेल्या 'फ्लेक्सी हॅन्ड' या आराखड्यात सांध्यांना खिळ्याऐवजी लवचीक प्लॅस्टिकचे तुकडे आहेत. बोट किंचित आडवंही लवतं आणि वस्तूला बिलगतं.

५. ताकद वाटेत सांडू नये

मुलाच्या मनगटाने लावलेला सगळा जोर बोटापर्यंत पोचत नाही. काही वाटेत खर्च होतो. तो कुठे जातो ते शोधायचं.

एक, दोरीचा मार्ग. छापलेल्या नळीत खरखरीत कडा राहिल्या किंवा दोरीला काटकोनात वळावं लागलं, तर तिथे ताण मरतो. आत कानशीने साफ करून वळणं गोलाकार करावीत. बोटाच्या टोकाला घर्षण हवं आणि दोरीच्या नळीत नको, हे मुलांना सांगण्याजोगं छान उदाहरण आहे.

दोन, दोरी स्वतः. ई-नेबलचे हात मासेमारीच्या दोरीवर चालतात! आपल्याकडे कोणालाही विचारा, एकपदरी तंगूस ताणला की लांबतो. म्हणून विणलेली, न ताणणारी दोरी घ्यायची. गाठ सरकली की पकड गेलीच. न सरकणारी गाठ कशी मारायची, हे आपल्या बंदरावरची माणसं कोणत्याही इंजिनिअरला शिकवतील.

तीन, उघडणारं रबर. ते जास्त कडक असेल तर मुलाचा अर्धा जोर त्याच्याशीच झगडण्यात जातो. बोट जेमतेम उघडेल इतकंच रबर पुरे.

चार, छपाई. प्रिंटर थरावर थर रचत जातो, पापुद्र्यांच्या खाजासारखा. थरांच्या मधून तो भाग लवकर तुटतो. म्हणून बोटं आडवी ठेवून छापतात, उभी नाही.

पाच, हवामान. पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं. हा गुण उपयोगीही आहे. गरम पाण्यात बुडवून कवच मुलाच्या हाताच्या आकाराचं वळवता येतं. पण तोच हात उन्हात बंद गाडीत राहिला किंवा उकळत्या चहाजवळ गेला तर वाकडा होईल. आणि आपल्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलचे किंवा छापलेल्या प्लॅस्टिकच्याच खिट्ट्या बऱ्या.

६. धरणं वेगळं, धरून ठेवणं वेगळं

मनगट वाकवून पकड लावली, तर ती टिकवायला मनगट वाकलेलंच ठेवावं लागतं. पाच मिनिटं दप्तराचा बंद धरून पाहा, मनगट भरून येईल. शिवाय वाकलेल्या मनगटाने पेला तोंडाशी नेताना तो तिरका होतो.

म्हणून काही हातांत खटका असतो. रोटरीच्या शिबिरांतून वाटला जाणारा एलएन-४ हा हात छापील नाही, साच्यातला प्लॅस्टिकचा आहे, पण ही युक्ती त्यात दिसते. दुसऱ्या हाताने बोटं दाबून पकड लावायची, ती अडकून राहते, सोडायची तेव्हा कळ दाबायची. पकड मंद, पण दमवत नाही. ज्या मुलाला जास्त करून वस्तू धरून ठेवायच्या आहेत, त्याला हे जास्त उपयोगी.

पाच बोटं हवीतच का?

हा प्रश्न थोडा कडू आहे, पण विचारायला हवा. अमेरिकेतल्या डोरन्स यांनी १९१२ साली दोन पात्यांच्या आकड्याचं पेटंट घेतलं. दिसायला हातासारखा नाही, पण पकडीला पक्का. अंगमेहनतीची कामं करणारी कितीतरी माणसं आजही तसाच आकडा पसंत करतात. चार बोटं एकदम हलवण्यात जो जोर वाटला जातो, तो इथे एकाच चिमटीत येतो.

मुलाला पाच बोटांचा हात हवासा वाटणं स्वाभाविक आहे. वर्गात सगळ्यांसारखं दिसावं, हीसुद्धा गरजच आहे. पण सायकलचं हॅन्डल धरायला वेगळं टोक, चमच्याला वेगळं, बॅटला वेगळं, असंही करता येतं. छपाईचा खरा फायदा इथेच आहे. एका हाताला साहित्याचा खर्च काही हजारांत भागतो आणि मूल वाढलं की तीच फाइल थोडी मोठी करून पुन्हा छापता येते.

एक इशारा. हे हात जड ओझं उचलायला, झाडावर चढायला, होडीवर दोर ओढायला नाहीत. ज्या ठिकाणी पकड सुटली तर जीवावर बेतेल, तिथे छापील हात वापरू देऊ नका.

आपल्या महाराष्ट्रात

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांसाठी काम करत आहे. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. मूळ खंडव्याचे प्रशांत गाडे यांच्या इनाली फाउंडेशनने पुण्यातून कमी खर्चाच्या कृत्रिम हातांचं काम उभं केलं. मुंबईच्या रोबो बायोनिक्स कंपनीच्या 'ग्रिपी' या विजेवर चालणाऱ्या हाताचं वैशिष्ट्य असं की, बोटाने किती दाबलं हे वापरणाऱ्याला जाणवतं. याचं महत्त्व ध्यानात घ्या. आपण अंडं फोडत नाही आणि पेला सोडत नाही, कारण बोटं सतत बातमी देत असतात. साध्या छापील हाताला ही जाणीव नाही. तिथे डोळ्यांनी बघून दाब ठरवावा लागतो. तरी दोरीच्या हातात एक बरं असतं, दोरीचा ताण मनगटाला कळतो. सरावाने मूल त्यावरून अंदाज बांधायला शिकतं.

प्रिंटर कुठे मिळेल? पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली, ती अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. आता तर अटल टिंकरिंग लॅब असलेल्या माध्यमिक शाळांतही थ्रीडी प्रिंटर असतात. आपल्या तालुक्यात अशी शाळा कोणती आहे ते शोधा.

वर्गात करून पाहा

साहित्य: जाड पुठ्ठा, स्ट्रॉ, सुतळी किंवा दोरा, सेलोटेप, फुगा.

पुठ्ठ्यावर हात ठेवून आखून कापा. पेरांच्या जागी घडी घाला. प्रत्येक पेरावर स्ट्रॉचा तुकडा चिकटवा, मध्ये फट ठेवून. बोटाच्या टोकाला दोरा बांधून स्ट्रॉमधून ओवा. ओढलं की बोट मिटतं. हे सगळ्यांना येतं. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

चार वस्तू घ्या: प्लॅस्टिकचा रिकामा पेला, पेन्सिल, बटाटा, काडेपेटी. प्रत्येक वस्तू दहा वेळा उचलायची आणि किती वेळा पाच सेकंद राहिली ते तक्त्यात लिहायचं. मग एकच बदल करा. बोटांच्या टोकांना फुग्याचे तुकडे लावा आणि पुन्हा दहा-दहा वेळा करा. मग अंगठ्याचा कोन बदला. मग दोऱ्या तराजूच्या दांडीला बांधा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना स्तंभालेख काढायला ही खरी माहिती मिळते आणि प्रयोग कसा करायचा तेही समजतं.

हाताचं कौशल्य मोजायची तज्ज्ञांची एक चाचणीही अशीच सोपी आहे. एका खोक्यातले अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एकेक करून मधली फळी ओलांडून शेजारच्या खोक्यात टाकायचे, एका मिनिटात किती जातात ते मोजायचं. छापील हात वापरणाऱ्या मुलाची प्रगती घरीही अशी पाहता येईल. तुलना त्याच्या कालच्या आकड्याशी करा, दुसऱ्या मुलाशी नाही.

पालकांशी थोडं

हात घ्यायला जाण्यापूर्वी घरी एक यादी करा. मुलाला दिवसभरात कोणती कामं एका हाताने, तोंडाने, काखेत धरून करावी लागतात? त्यातली कोणती तीन त्याला सगळ्यात जास्त जमायला हवी आहेत? यादी मुलाने सांगायची, आपण लिहायची. कोणाला वहीचं पान दाबून धरायचं असेल, कोणाला पतंगाची फिरकी, कोणाला फक्त डब्याचं झाकण. ही यादी हात बनवणाऱ्यासमोर ठेवा. मग अंगठा कुठे, रबर कुठे, खटका हवा की नको, हे सगळं तिच्यावरून ठरतं.

बोटं नसलेला हात काही निकामी नसतो. त्याला स्पर्श कळतो, ऊन-गार कळतं आणि जन्मापासून तसं असलेलं मूल त्याने कितीतरी कामं सफाईने करतं. छापील हात घातला की तो स्पर्श झाकला जातो. म्हणून हात दिवसभर घालण्याची सक्ती नको. ज्या कामाला उपयोगी, त्या कामापुरता घालू द्या. कातडी लाल झाली, घामाने चिघळली तर लगेच काढा आणि दाखवा. हात निवडण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा कृत्रिम अवयव तज्ज्ञाचा सल्ला घ्याच. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला, दिव्यांग प्रमाणपत्र आणि सरकारी योजनांची माहिती त्यांच्याकडून मिळते.

आणि शिक्षक मित्रांनो, असं मूल नवा हात घालून वर्गात आलं, तर टाळ्या वाजवून फोटो काढण्याआधी त्याला पहिल्या बाकावर बसवा, पुढ्यात वही ठेवा आणि विचारा, "पान दाबून धरता येतंय का?" येत नसेल तर त्याच दिवशी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा शोधा.